सरमेचा प्रश्न

ज्या घरांत कुत्र्याचें लहान पिलूं नव्यानें आलें आहे, त्या घरांतील पहिल्या आठवड्याचा इतिहास बहुधा सारखाच असतो. पहिल्या दिवशीं त्याच्या नांवाविषयीं चर्चा होते. दुसऱ्या दिवशीं मुलें शाळेंतून धांवत घरीं येतात. आणि तिसऱ्या दिवशीं सकाळीं बैठकीच्या खोलींत, नेमक्या नव्या सतरंजीवर, एक लहानसें तळें आढळतें. मग घरांतील कोणी तरी जाणतें माणूस सांगतें कीं, "त्याची मान धरा, नाक त्यांत घासा आणि दोन चापट्या द्या, म्हणजे पुन्हां करणार नाहीं." हा उपदेश प्रथम कोणीं कोणास केला हें विचारण्याची पद्धति नाहीं. तो अमलांत येतो; पिलूं कान पाडून, शेपूट पोटाशीं घेऊन कोपऱ्यांत बसतें; आणि तें पाहून सर्वांची खात्री होते कीं, त्याला आपला अपराध कळला. चौथ्या दिवशीं तळें पुन्हां असतेंच. मात्र तें आतां कपाटामागें असतें.

या लहानशा प्रसंगांत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पहिली ही कीं, घाण करणें हा पिलाचा अपराध आहे. आणि दुसरी ही कीं, शिक्षेनंतर त्याच्या चेहऱ्यावर जें दिसतें तो पश्चात्ताप आहे. या समजुतींना आधार कितपत आहे, आणि कुत्रा हा प्राणी मनुष्याच्या अंगणांतून त्याच्या बैठकींत येईपर्यंत या बाबतींत काय काय घडलें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे. विषय क्षुद्र आहे असें कोणास वाटेल. परंतु न्याय करण्याची संवय मनुष्यास लहान प्रकरणांतच लागते. आणि मुक्या प्राण्यावरील आरोप हें तर असें प्रकरण आहे कीं, ज्यांत आरोपीला वकील मिळण्याचा संभवच नसतो.

असा वकील एकदां मात्र मिळाला होता. महाभारताच्या आदिपर्वांत, कौरवपांडवांच्या कथेला आरंभ होण्यापूर्वींच, ती हकीकत आली आहे. परीक्षिताचा पुत्र जनमेजय हा श्रुतसेन, उग्रसेन व भीमसेन या आपल्या तीन बंधूंसह कुरुक्षेत्रीं दीर्घकाल चालणारें सत्र करीत होता. तेथें कुत्र्याचें एक पिलूं आलें. जनमेजयाच्या बंधूंनीं त्याला मारलें, आणि तें केकाटत आपल्या आईकडे गेलें. ही आई म्हणजे देवशुनी सरमा. पणींनीं लपविलेल्या गाईंचा शोध लावण्यासाठीं इंद्राची दूती म्हणून गेलेली, जिचें नांव ऋग्वेदापासून प्रसिद्ध आहे, तीच. सरमेनें प्रथम मुलालाच म्हटलें कीं, तूं कांहीं तरी अपराध केला असशील, म्हणून तुला मारलें. पिलानें सांगितलें कीं, आपण कांहींच केलें नाहीं. हविर्द्रव्याकडे पाहिलेंही नाहीं आणि त्याला जीभही लावली नाहीं. तेव्हां सरमा यज्ञस्थानीं गेली आणि तिनें त्या राजपुत्रांना विचारलें कीं, माझ्या मुलानें कांहीं अपराध केला नसतां त्याला कां मारलें? त्यांच्यापाशीं उत्तर नव्हतें; ते गप्प राहिले. त्यावर ती म्हणाली कीं, ज्या अर्थीं निरपराध्याला मार बसला, त्या अर्थीं तुम्हांवर न दिसणारें भय येईल. हें ऐकून जनमेजय घाबरला, आणि त्या शापाचें निवारण करूं शकेल असा पुरोहित शोधीत त्याला हिंडावें लागलें.

या कथेंतील सरमेचें वर्तन लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ती एकदम कैवार घेऊन धांवत नाहीं; आधीं चौकशी करिते, आणि तीही आपल्याच मुलाची. पिलानें हविर्द्रव्य उष्टावलें असतें तर कदाचित् ती यज्ञस्थानीं गेलीही नसती. राजपुत्रांनीं मात्र चौकशी केली नाहीं. कुत्रें यज्ञभूमींत शिरलें, म्हणजे तें विटाळ करणारच, असें त्यांनीं धरून चाललें. अपराध घडण्यापूर्वींच तो सिद्ध झाला होता. सतरंजीवरच्या तळ्याचा खटला आपण ज्या रीतीनें चालवितों, ती रीति या राजपुत्रांच्या रीतीहून फारशी निराळी नाहीं, हें पुढें दिसून येईल.

कुत्र्याचा आणि माणसाचा सहवास शेतीहूनही जुना आहे. जर्मनींत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथें 1914 सालीं एका दगडाच्या खाणींत एक पुरुष व एक स्त्री यांचें दफन सांपडलें. त्यांच्याबरोबर एका कुत्र्याचीं हाडें होतीं. तें दफन सुमारें 14,000 वर्षांपूर्वींचें आहे. या कुत्र्याच्या दांतांचा अभ्यास 2018 सालीं प्रसिद्ध झाला. त्यावरून असें दिसतें कीं, मरणसमयीं तें अवघें सात महिन्यांचें होतें आणि पांचव्या महिन्याच्या सुमारास त्याला डिस्टेंपर नांवाचा भयंकर रोग जडला होता. या रोगांत ताप, वांति आणि अतिसार होऊन पिलूं अगदीं निःशक्त होतें. असें असूनही तें कित्येक आठवडे जगलें, याचा अर्थ कोणी तरी त्याला ऊब दिली, पाणी पाजलें आणि त्याची घाण काढली. शिकारीच्या कामाला तें पिलूं निरुपयोगी होतें. इस्राएलमधील ऐन मल्लाहा येथें सुमारें 12,000 वर्षांपूर्वींचें एक दफन आहे; त्यांत एका वृद्ध माणसाचा हात चार-पांच महिन्यांच्या एका पिलावर ठेविलेला आढळला. तें पिलूं कुत्र्याचें कीं माणसाळलेल्या लांडग्याचें, याबद्दल मतभेद आहे; परंतु हात कां ठेविला, याबद्दल फारसा मतभेद होण्याचें कारण नाहीं. आमच्या देशांत काश्मीरमधील बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन लोकही माणसांबरोबर कुत्र्यांना पुरीत असत.

असें असतां ऐतिहासिक काळांत मात्र आमच्याकडे या सहवासाला एक निश्चित रेषा आंखलेली दिसते, ती म्हणजे घराचा उंबरठा. मनुस्मृतींत गृहस्थानें वैश्वदेवाच्या वेळीं कुत्र्यांसाठींही अन्न भूमीवर हळूच ठेवावें असें सांगितलें आहे; आणि कुत्रे व गाढवें हेंच ज्यांचें धन, त्या चांडाळांनीं गांवाबाहेर राहावें, हा कठोर नियमही त्याच ग्रंथांत आहे. जी समाजव्यवस्था माणसांनाच वेशीबाहेर ठेवीत होती, ती कुत्र्याला माजघरांत घेईल, हें संभवतच नव्हतें. महाप्रस्थानिकपर्वांत तर हा वाद स्वर्गाच्या दारापर्यंत गेला आहे. कुत्रे बाळगणाऱ्यांना स्वर्गांत स्थान नाहीं असें इंद्र सांगतो, आणि शरण आलेल्याला टाकून मी आंत येणार नाहीं असें युधिष्ठिर म्हणतो. भक्तिमार्गानें हा उंबरठा मनानें ओलांडला. कुत्र्यानें पळविलेली पोळी कोरडी आहे म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवणारे नामदेव महाराष्ट्राच्या घरोघर ठाऊक आहेत. खंडोबाच्या बरोबर कुत्रा आहे, भैरवाचें तर तें वाहनच, आणि दत्तात्रेयांच्या पायांशीं असलेल्या चार कुत्र्यांना भाविक लोक चार वेद मानतात. तथापि ज्या घरांत दत्ताच्या तसबिरीची रोज पूजा होई, त्या घरांतही दारचा कुत्रा ओटीच्या पायरीवरच बसे.

पराक्रमी कुत्र्यांचा गौरव करण्यांत आमचे पूर्वज मागें नव्हते. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळचा, इ. स. 949-50 चा, कर्नाटकांतील आतकूर येथील शिलालेख प्रसिद्ध आहे. रानडुकराशीं झुंजून त्याच्यासह मेलेल्या काळी नांवाच्या शिकारी कुत्रीसाठीं तेथें दगड उभारून जमीन तोडून दिली होती. बाराव्या शतकांत कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्यानें रचिलेल्या 'मानसोल्लासां'त राजाच्या विनोदांमध्यें सारमेयविनोदाला, म्हणजे कुत्र्यांच्या खेळाला, स्वतंत्र स्थान आहे. आणि सारमेय या शब्दाचा अर्थच सरमेचें अपत्य असा होतो. सातारकर शाहूछत्रपतींच्या खंड्या नांवाच्या लाडक्या कुत्र्याची समाधि संगम माहुलीस दाखवितात. परंतु हे सर्व कुत्रे शिकारीचे, पहाऱ्याचे किंवा दरबारचे होत. त्यांच्यासाठीं नोकर होते आणि मोकळें आवार होतें. सामान्य गृहस्थाच्या घरांत पिलाला बाहेर जावयास शिकविण्याचा प्रश्न उद्भवतच नव्हता, कारण तें बाहेरच होतें.

आणि येथेंच या विषयाचें मर्म आहे. खेड्यांत जाऊन पाहावें. गोठ्याच्या कोपऱ्यांत गवतावर व्यालेल्या कुत्रीच्या पिलांना स्वच्छतेचे धडे कोणी देत नाहीं. पहिले कांहीं आठवडे आई त्यांना चाटून मलमूत्रोत्सर्ग करावयास लावते आणि ती घाण स्वतःच नाहींशी करिते. पिलांना पाय फुटले कीं, तीं आपण होऊन गवताबाहेर जातात, आणि पुढें गोठ्याबाहेर जाऊं लागतात. दार उघडें असतें, अंगण समोर असतें, मातीचा वास ओळखीचा असतो. त्यांना कोणीं मारलें नाहीं आणि कोणीं शिकविलेंही नाहीं. तरी निजावयाची जागा कोरडी ठेवावयाची, एवढें त्यांना उमजलेलें असतें. मग तेंच पिलूं तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांत आलें म्हणजे एकाएकीं घाणेरडें कसें होतें? उत्तर असें कीं, तें घाणेरडें होत नाहीं. दार बंद होतें. या गोष्टीकडे आम्ही पुन्हां येऊं.

कुत्र्याला घरांत घेणारे लोक युरोपांत प्राचीन काळींही होते. दुसऱ्या शतकांतील ग्रीक ग्रंथकार अरियन, म्हणजे अलेक्झांडरच्या स्वारीचा इतिहास लिहिणारा व एपिक्टीटस या तत्त्ववेत्त्याचा शिष्य, यानें शिकारी कुत्र्यांवर एक लहानसें पुस्तक लिहिलें आहे. त्यांत आपल्या होर्मे नांवाच्या कुत्रीचें वर्णन करितांना तो सांगतो कीं, ती घरांत आपल्याजवळच असते आणि बाहेर निघालें कीं बरोबर येते. पण त्याच वर्णनांत एक गोष्ट अशी आहे कीं, ती वाचून मनास चटका लागतो. लहानपणीं या कुत्रीला चाबकानें शिक्षा झाली होती. त्यामुळें ती मोठी झाल्यावरही कोणीं चाबकाचें नुसतें नांव काढलें तरी ती त्या माणसाकडे जाई, याचना केल्यासारखी दबून बसे, त्याच्या तोंडाला तोंड लावी आणि गळ्यांत पाय टाकून त्याचा राग जाईपर्यंत सोडीत नसे. अरियननें हें कौतुकानें लिहिलें आहे. परंतु चाबूक कोणत्या चुकीसाठीं बसला होता हें त्यानें लिहिलें नाहीं. चूक विसरली गेली आणि चाबूक तेवढा राहिला.

मध्ययुगांत युरोपांतील सरदारांच्या पदरीं शिकारी कुत्र्यांचे मोठाले तांडे असत. फ्रान्समधील फ्वाचा काउंट गास्तों फेब्यूस यानें 1387 सालीं शिकारीवरील आपला विख्यात ग्रंथ लिहावयास घेतला, आणि 1406 ते 1413 यांच्या दरम्यान यॉर्कचा ड्यूक एडवर्ड यानें कांहीं भर घालून तो इंग्रजींत उतरविला. कुत्र्यांच्या घराविषयीं यांत जे नियम आहेत ते आजही वाचण्यासारखे आहेत. घर रोज सकाळीं झाडून स्वच्छ करावें. त्याला मागल्या बाजूनें एक दार असून तें ऊन येणाऱ्या हिरवळीवर उघडावें. आंत पेंढा गुंडाळलेले दगड रोवावे, म्हणजे कुत्रे त्यांवर मूत्रोत्सर्ग करतील. आणि कुत्र्यांची निगा राखणाऱ्या मुलानें त्यांना दिवसांतून दोनदां, सकाळीं व सायंकाळीं, मलविसर्गासाठीं बाहेर न्यावें. या नियमांचा रोंख कोणीकडे आहे तो पाहावा. घाण कोठें करूं नये हें कुत्र्याला बजाविण्याऐवजीं ती कोठें करावी याची सोय लावण्याचें काम माणसावर टाकलें आहे. कुत्र्याचें वळण हें त्याच्या रखवालदाराच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे, हें सहाशें वर्षांपूर्वीं त्या शिकाऱ्यांना कळलें होतें.

मग नाक घासण्याची रीति रूढ कशी झाली? आमच्या मतें याचें एक कारण असें कीं, एकोणिसाव्या शतकांत कुत्रा सरदाराच्या आवारांतून मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत आला. इंग्लंडांत कुत्र्यांचें पहिलें व्यवस्थित प्रदर्शन न्यूकॅसल येथें 1859 सालीं भरलें आणि 1873 सालीं केनेल क्लब स्थापन झाला. शहरांतील घराला गालिचा होता, पण हिरवळीवर उघडणारें मागचें दार नव्हतें. आणि केवळ कुत्र्यासाठीं ठेविलेला मुलगा तर नव्हताच. जें काम पूर्वीं नोकराच्या नियमितपणानें होत असे, तें आतां कुत्र्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोंपविण्यांत आलें. शिवाय त्या काळच्या इंग्रजींत शिकारी कुत्र्याला शिकविण्याच्या क्रियेला 'मोडणें' या अर्थाचा शब्द होता. हचिन्सन नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें 1848 सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाच्या नांवांतही तोच शब्द आहे, जरी आंत त्यानें सौम्यपणाचा पुरस्कार केला होता. पुढें अमेरिकेंत हॅमंड या गृहस्थानें 1880 नंतरच्या दशकांत आपल्या पुस्तकाच्या नांवांतच 'शिकविणें विरुद्ध मोडणें' असा पक्ष मांडला, आणि चाबकाऐवजीं शाबासकी व मांसाचा तुकडा यांवर भर दिला. घराच्या चार भिंतींआड मात्र पुष्कळ दिवस 'मोडणें' हेंच चालू राहिलें.

याच शतकांत मुंबईंत एक निराळी घटना घडली. रस्त्यांवरील कुत्रे मारण्याचा सपाटा सरकारनें चालविला होता, त्याविरुद्ध 1832 सालच्या जून महिन्यांत कोटांतील पारशी मंडळींनीं दंगा केला, आणि इतर लोकही त्यांत सामील झाले. शेवटीं लष्कर आणावें लागलें. या लोकांपैकीं पुष्कळांनीं कुत्र्याला घरांत घेतलें नसतें. परंतु दारच्या कुत्र्याला विनाकारण मारलेलें त्यांना सहन झालें नाहीं. उंबरठ्याबाहेरच्या कुत्र्याविषयीं आमच्या लोकांच्या मनांत दयेची एक जुनी परंपरा होती. उंबरठ्याआंतल्या कुत्र्याविषयीं मात्र कसलीच परंपरा नव्हती. त्यामुळें विसाव्या शतकांत पुण्यामुंबईचीं सुशिक्षित घरें कुत्रीं पाळूं लागलीं, तेव्हां त्यांनीं कुत्र्याबरोबर नाक घासण्याचा उपदेशही परक्यांकडून घेतला असावा, असें आम्हांस वाटतें. आमच्यापाशीं सरमेची कथा होती. पण ती आम्हीं या कामीं आठविली नाहीं.

विसाव्या शतकांत या विषयाचा शास्त्रीय विचार सुरू झाला. जर्मनींत पोलिसी कुत्र्यांचा शिक्षक कोनराड मोस्ट यानें 1910 सालच्या आपल्या पुस्तकांत ठांसून सांगितलें कीं, कुत्र्याला माणसाची नीतिकल्पना नसते. त्याला बरेंवाईट समजतें असें मानून शिकविणें व्यर्थ होय. मोस्ट स्वतः दडपणाचा वापर करी. परंतु अपराध ही कल्पनाच त्यानें या क्षेत्रांतून काढून टाकली, ही गोष्ट महत्त्वाची होती. अमेरिकेंत बार हार्बर येथील प्रयोगशाळेंत स्कॉट व फुलर या शास्त्रज्ञांनीं शेंकडों पिलें जन्मापासून वाढवून त्यांचें निरीक्षण केलें आणि 1965 सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना असें आढळलें कीं, पिलें सुमारें तीन आठवड्यांचीं होतांच निजावयाची जागा सोडून मलमूत्रविसर्ग करूं लागतात, आणि आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास त्यासाठीं ठराविक जागा धरतात. अर्थात् गोठ्यांतल्या पिलांविषयीं खेडेगांवचा माणूस जें नेहमीं पाहत आला, तेंच प्रयोगशाळेंत सिद्ध झालें. स्वच्छतेची प्रवृत्ति पिलापाशीं उपजतच असते. फरक एवढाच कीं, 'घर' या शब्दाची त्याची व्याख्या लहान असते. त्याचें घर म्हणजे त्याचें अंथरूण. अंथरुणापासून चार हात दूर असलेली सतरंजी ही त्याच्या दृष्टीनें बाहेरची जागाच होय. तें आपल्या समजुतीप्रमाणें बाहेर गेलेलेंच असतें. आपण त्याला स्वच्छता शिकवावयाची नसून, त्याचें घर कोठपर्यंत पसरलें आहे, एवढेंच समजावून द्यावयाचें असतें.

शिक्षेच्या वेळेसंबंधीं 1968 सालीं सॉलोमन व त्याचे सहकारी यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. मना केलेलें मांस खाणाऱ्या पिलांना गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा फटका देण्यांत आला. कांहींना तोंड लावतांक्षणींच, कांहींना पांच सेकंदांनीं आणि कांहींना पंधरा सेकंदांनीं. पुढें पिलांना त्या मांसाजवळ एकटीं सोडलें, तेव्हां तत्काळ फटका बसलेलीं पिलें दिवसचे दिवस त्यापासून दूर राहिलीं. पंधरा सेकंदांनीं फटका बसलेल्यांना मात्र कांहीं मिनिटेंच धीर धरवला. असले प्रयोग आज पुष्कळांना रुचणार नाहींत. पण त्यांतील बोध विसरतां येत नाहीं. पंधरा सेकंदांच्या अंतरानें जर कृति आणि शिक्षा यांचा संबंध तुटतो, तर पहाटेच्या तळ्याबद्दल सकाळीं सात वाजतां दिलेली चापट पिलाला कशाची म्हणून कळावी? त्याला एवढेंच कळतें कीं, तळें आणि माणूस हीं एके ठिकाणीं आलीं म्हणजे मार बसतो. म्हणून तें पुढच्या वेळीं कपाटामागें जातें. आपण त्याला स्वच्छता शिकवूं गेलों, आणि तें आपल्यापासून लपावयास शिकलें.

आतां त्या पश्चात्तापाच्या चेहऱ्याविषयीं. येथें आमचा स्वतःचा एक अपराध सांगणें प्राप्त आहे. आमच्या घरीं अडीच महिन्यांचें एक पिलूं आणलें होतें. उन्हाळ्याच्या दिवसांत एके दुपारीं स्वयंपाकघराच्या दाराशीं पाणी सांचलेलें दिसलें. पिलूं जवळच निजलें होतें. आम्हीं त्याला उठविलें, पाण्यापाशीं नेलें आणि आवाज चढवून रागें भरलों, हात उगारलाही. त्यानें कान पाडले, डोळे फिरविले, पोटावर सरपटत तें आमच्या पायांशीं आलें. "पाहा, कसें ओशाळलें आहे," असें आम्ही घरच्या मंडळींस म्हणालोंही. सायंकाळीं पाणी पुन्हां सांचलें, तेव्हां आढळून आलें कीं, नवा माठ पाझरत होता. घरांतील धाकट्या मुलीनें विचारलें, "मग त्यानें कान कां पाडले होते?" आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. जनमेजयाच्या बंधूंप्रमाणेंच आम्हीही गप्प राहिलों.

या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंतील अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषीनें 2009 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मिळतें. कुत्र्यासमोर खाऊ ठेवून, तो खाऊं नको असें सांगून, मालकाला खोलीबाहेर जावयास सांगत. परत आल्यावर, कुत्र्यानें खाऊ खाल्ला कीं नाहीं, हें त्याला कधीं खरें तर कधीं खोटें सांगितलें जाई. जेथें मालक रागें भरला तेथें कुत्रा अपराध्यासारखा दिसला. मग त्यानें खाऊ खाल्ला असो वा नसो. किंबहुना, आज्ञा पाळूनही ज्यांना बोलणीं खावीं लागलीं, त्या कुत्र्यांच्या ठिकाणीं हीं अपराधाचीं चिन्हें अधिकच दिसलीं. म्हणजे ज्याला आपण पश्चात्ताप समजतों, तें आपल्याच रागाचें प्रतिबिंब होय. अरियनची होर्मे चाबकाचें नांव ऐकून गळ्यांत पडत असे, ती कसल्या चुकीची क्षमा मागत नव्हती. समोरच्या माणसाचा राग शांत करण्याचा तिला तेवढाच उपाय ठाऊक होता. सरमेनें ज्याला न दिसणारें भय म्हटलें, तें आमच्या घरांत अशा रीतीनें शिरलें होतें. फरक इतकाच कीं, तें राजपुत्रांच्या वांट्यास न येतां पिलाच्या वांट्यास आलें.

मग करावयाचें तें काय? जुन्या शिकाऱ्यांचें वेळापत्रक आणि नव्या शास्त्रज्ञांचें निरीक्षण यांचा मेळ घातला म्हणजे उपाय सोपा आहे. कठीण असेल तर तो माणसालाच. पिलूं झोंपेंतून उठतांच, खेळ संपतांच, आणि खाल्ल्यावर पाव ते अर्ध्या तासाच्या आंत त्याला बाहेर न्यावें लागतें, कारण पोटांत अन्न पडलें कीं आंतड्यांना चालना मिळते. वयाच्या जितक्या महिन्यांचें पिलूं, त्यांत एक मिळवून जी संख्या येईल, साधारण तितके तासच तें फार तर दम धरूं शकतें; म्हणजे दोन महिन्यांच्या पिलाकडून रात्रभराची अपेक्षा करणें हाच अन्याय होय. जागा रोज तीच असावी, कारण त्याचें नाक हीच त्याची स्मरणवही आहे. योग्य ठिकाणीं काम झालें कीं त्याच क्षणीं, घरांत परत आल्यावर नव्हे, शाबासकी व खाऊचा कण द्यावा. लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावरील रोगांचें भय असतें. तोंवर गच्चीवर किंवा सज्जांत जुन्या वर्तमानपत्रांची जागा करून द्यावी. घरांत चूक झालीच तर ती मुकाट्यानें पुसावी. पुसण्यास अमोनियासारख्या उग्र वासाचे पदार्थ वापरूं नयेत, कारण तो वास मूत्राच्या वासासारखाच असल्यानें पिलूं पुन्हां तेथेंच येतें. वळण लागलेला कुत्रा एकाएकीं घरांत घाण करूं लागला, तर तो हट्टी झाला असें न समजतां पशुवैद्यास दाखवावा. मूत्रमार्गाच्या विकारांत असें होतें.

हे नियम पाहिले म्हणजे त्यांतील प्रत्येक नियम पिलाला नव्हे, तर आपल्याला लागू होतो, हें ध्यानांत येईल. उठावयाचें आपण, घड्याळ पाहावयाचें आपण, दार उघडावयाचें आपण. ज्या प्राण्याला कडी काढतां येत नाहीं, त्यानें बाहेर कां गेलें नाहीं, असें त्याला विचारणें हेंच मुळीं विपरीत आहे. चौदा हजार वर्षांपूर्वीं ओबरकासेलच्या त्या माणसांनीं आजारी पिलाची घाण काढली, तेव्हां दार नव्हतें आणि सतरंजीही नव्हती; दार आणि सतरंजी आल्यावर आपण अपराधाची भाषा बोलूं लागलों.

आमच्या घरच्या पिलाला वळण लागावयास पुढें तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत पहाटे पांचाच्या सुमारास जिना उतरण्याची पाळी घरांतील मोठ्या माणसांनीं वांटून घेतली होती, आणि ज्या दिवशीं पाळी चुके त्या दिवशीं सतरंजी भिजे. धाकट्या मुलीनें भिंतीवरील दिनदर्शिकेंत अशा दिवसांवर खुणा करून ठेविल्या. महिन्याअखेर त्या खुणा मोजल्या, तेव्हां त्यांच्यापुढें पिलाचें नांव घालण्याचें कोणाच्याही मनांत आलें नाहीं. माठ बदलला होता. तरी स्वयंपाकघराच्या दाराशीं पाणी दिसलें कीं पिलूं पुष्कळ दिवस कान पाडीत असे.